‘विशेष काही नाही’ म्हणणारे आप्पा

पत्र : सप्रेम नमस्कार. माझे माहेर सातारा जिल्ह्यातले, सासर पुण्याचे, वय ३२. माझे वडील (आम्ही त्यांना आप्पा म्हणतो) पायदळातून हवालदार म्हणून पेन्शनीत आले. १९८७ च्या ऑक्टोबरात ते भारतीय शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत, जाफन्यात होते; तेव्हा त्यांचे वय २२ होते. तिथे काय झाले, असे आम्ही भावंडांनी कितीदा तरी विचारले असेल, पण उत्तर ठरलेले : ‘विशेष काही नाही.’ दिवाळीत गावात फटाके सुरू झाले की ते बॅटरी घेऊन मळ्यातल्या वस्तीवर झोपायला जातात आणि भाऊबीजेलाच घरी येतात. यंदा आमच्या वाचन-गटाने एरिख मारिया रेमार्क या जर्मन लेखकाची पहिल्या महायुद्धावरची ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ ही कादंबरी घेतली. चौथ्या प्रकरणातल्या घोड्यांच्या किंकाळ्या वाचून मी ती महिनाभर मिटून ठेवली. पुढे सातवे प्रकरण वाचले आणि पॉल नावाच्या त्या जर्मन पोरात मला आप्पा दिसले. आप्पा इंग्रजी वाचत नाहीत, म्हणून मी त्या प्रकरणाचे मराठी भाषांतर करून एका वहीत उतरवले आहे. पुढच्या महिन्यात त्यांचा ६० वा वाढदिवस आहे, त्या दिवशी ती वही द्यावी, म्हणजे ते बोलते होतील असे मला वाटते. आई ‘नको’ म्हणते. यजमान म्हणतात, फौजीच्या घरात युद्धविरोधी पुस्तक आणणे हाच फौजीचा अपमान. मी काय करावे?

उत्तर : वही वाढदिवसाला देऊ नका. हे आधीच सांगून टाकते, कारण महिनाभरात तुमचे मन त्या दिवसाभोवती आणखी गुंतत जाईल. पण वही फाडू नका आणि हातात घेतलेले काम सोडूही नका. तिचा उपयोग आहे, मात्र तुम्ही योजला आहे तो नव्हे. तो कोणता, याकडे मी शेवटी येते.

आधी तुमच्या सातव्या प्रकरणाकडे येऊ. पॉल बॉयमरला १७ दिवस मिळतात, त्यांतले १४ रजेचे आणि ३ प्रवासाचे. तो घरी पोहोचतो, जिन्यात उभा राहतो, वरून बहीण आईला हाक मारून ‘पॉल आला’ म्हणून सांगते आणि या पोराला पुढची पायरी चढवत नाही. रायफलच्या दस्त्यावर भार देऊन तो रडत राहतो. आई आजारी आहे, अंथरुणाला खिळलेली आहे. ती विचारते, तिकडे फार वाईट होते का रे, आणि तो सांगतो की तितके नाही, आम्ही पुष्कळ जण एकत्र असतो, त्यामुळे तसे काही वाटत नाही. रस्त्यावर ट्रामचा कर्कश आवाज आला तरी तोफगोळा आल्यासारखा तो दचकतो. आप्पांची बॅटरी आणि मळ्यातली वस्ती तुम्हाला इथेच दिसली असणार, आणि ते दिसणे अगदी खरे आहे.

पण याच प्रकरणात आणखी एक माणूस आहे, ज्याच्याकडे तुमचे लक्ष गेलेले पत्रावरून दिसत नाही. तो म्हणजे पॉलचा बाप. त्याला मुलाने गणवेश उतरवू नये असे वाटते, कारण त्याला त्या गणवेशासह ओळखीपाळखीच्या लोकांत मिरवायचे आहे, आणि त्याला सगळे ऐकायचे आहे. तो वाईट माणूस नाही. मुलावर त्याचा जीव आहे आणि त्या जीवापोटीच तो विचारतो. समोरासमोरच्या हातघाईत तू कधी सापडलास का, असे तो विचारतो, आणि पॉल ‘नाही’ म्हणून उठून बाहेर जातो. त्याच्या मनात जे येते ते थोडक्यात असे की, या गोष्टी एकदा शब्दांत आणल्या तर त्या अवाढव्य होतील आणि मग त्या आपल्याला आवरणार नाहीत. तुम्ही हे प्रकरण पॉलची लेक असल्यासारखे वाचलेत, पण त्या घरात तुमची जागा पॉलच्या बापाची आहे. विचारणाऱ्याची, आणि विचारण्यामागे माया असलेल्याची. ही वही हाती पडल्यावर आप्पांना ‘लेकीने मला ओळखले’ असे वाटेल, हे शक्य आहे. पण ‘लेकीने पुन्हा विचारले, आणि या वेळी लेखी विचारले’ असे वाटण्याची शक्यता मला अधिक दिसते. साठाव्या वाढदिवसाला, पाहुण्यांच्या समोर, आणि वर तुम्ही ‘वाचलंत का आप्पा?’ म्हणून वाट पाहत असताना, तर अधिकच.

त्याच प्रकरणात पॉलच्या खोलीचा प्रसंग आहे. लहानपणापासून जमवलेली पुस्तके फडताळात आहेत, चामडी सोफा आहे, आणि तो त्या पुस्तकांसमोर बसून वाट पाहतो की पूर्वीसारखे त्यांनी आपल्याला उचलून घ्यावे. एक काढतो, दुसरे काढतो, पाने उलटतो, परत ठेवतो. ती त्याच्याशी बोलत नाहीत. मला स्वतःला संपूर्ण कादंबरीत, तोफांच्या भडिमारापेक्षाही, हे पान जड जाते. पुस्तकाने माणूस मोकळा होतो ही आपल्यासारख्या वाचणाऱ्यांची श्रद्धा असते, आणि ज्या पुस्तकाच्या जोरावर तुम्ही ती आप्पांवर अजमावून पाहणार आहात, त्याच पुस्तकात ती चालत नाही असे लिहिलेले आहे.

मी हे पुस्तकी शहाणपण म्हणून सांगत नाही, कारण हीच चूक मी स्वतः केलेली आहे. माझे एक मामा सिग्नल्समध्ये होते आणि १९६२ च्या चीन युद्धात नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचलात, होते. इंग्रजी ते बऱ्यापैकी वाचत. मी कॉलेजात असताना हीच कादंबरी वाचून भारावले आणि मोठ्या उत्साहाने त्यांना नेऊन दिली. आठ दिवसांनी त्यांनी ती वर्तमानपत्राच्या कागदात नीट गुंडाळून परत केली आणि म्हणाले, ‘‘त्यातलं बुटांचं खरं आहे.’’ तेवढे ऐकून थांबायला हवे होते, पण मी विचारले, ‘‘आणि बाकीचं?’’ मामा उठले, गोठ्याकडे गेले आणि त्या मे महिन्यात पुन्हा माझ्याशी हवापाण्यापलीकडे काही बोलले नाहीत. पुढे बारा-तेरा वर्षांनी मी सह्याद्रीत भटकायला म्हणून नवे बूट आणले, तेव्हा त्यांनी ते हातात घेतले, तळवा वाकवून पाहिला, आणि कोणी न विचारता अर्धा तास बोलले : बर्फात कॅनव्हासचे बूट कसे भिजतात, भिजलेले बूट रात्री काढले तर सकाळी लाकडासारखे कडक होऊन पायात जात नाहीत आणि न काढले तर पाय जातो. आमच्या घराण्यात १९६२ बद्दल जे काही ठाऊक आहे ते सगळे त्या अर्ध्या तासातले आहे.

कादंबरीतले बूट तुम्हाला आठवतीलच. केमरिख हा पॉलचा वर्गमित्र. त्याच्याकडे एका इंग्रज वैमानिकाचे मऊ, पिवळ्या चामड्याचे, वरपर्यंत नाडी बांधायचे बूट आहेत. त्याचा पाय कापला आहे आणि ते अजून त्याला कळलेले नाही. भेटायला आलेल्या म्युलरची नजर पलंगाखालच्या बुटांवर आहे. वाचताना पहिल्यांदा म्युलरचा राग येतो, आणि मग पॉल सांगतो की म्युलर दुष्ट नाही. केमरिखला त्या बुटांचा काही उपयोग असता तर म्युलरने काटेरी तारांवरून अनवाणी धावणे पत्करले असते. केमरिख जातो, बूट म्युलरला मिळतात, म्युलर जातो, ते पॉलकडे येतात, आणि आपल्यानंतर ते त्यादेन या सोबत्याला द्यायचे असे पॉलने आधीच ठरवून ठेवलेले आहे. किती माणसे मेली हे सांगायला रेमार्कला बुटांची एक जोडी पुरते.

ही सबंध कादंबरी अशीच बोलते, म्हणून तर ती सैनिकांना खरी वाटली. पहिल्याच पानावर युद्धाचा भडिमार नाही. पोटभर जेवलेली माणसे आहेत. आचाऱ्याने १५० जणांचे रांधलेले आहे आणि आघाडीवरून परतले आहेत ८०. भाकरी दुप्पट, सॉसेज दुप्पट, तंबाखू दुप्पट. आचारी मात्र अडून बसतो की हे १५० जणांचे आहे, ८० जणांना वाटता येणार नाही, आणि उपाशी पोरे त्याच्याशी वाद घालतात. ७० जणांचे काय झाले हे त्या वादातच कळते. काट, म्हणजे काटचिन्स्की, हा ४० वर्षांचा, मूळचा चांभार, कुठूनही खायला पैदा करणारा. तो आणि पॉल रात्री एका पडवीत चोरलेला हंस भाजत बसतात, तेव्हा दोघे फारसे बोलतही नाहीत, आणि तरी मैत्रीबद्दल यापेक्षा अधिक काही सांगायचे उरत नाही.

तेव्हा माझा सल्ला असा की, आप्पांना ‘तिथे काय झाले’ हा प्रश्न यापुढे विचारूच नका. त्या प्रश्नाला त्यांचे उत्तर देऊन झाले आहे. कादंबरीचे मूळ जर्मन नाव ‘पश्चिमेकडे नवीन काही नाही’ अशा अर्थाचे आहे. १९१८ च्या ऑक्टोबरातला एक दिवस इतका शांत होता की सैन्याच्या अहवालाने एका वाक्यात पश्चिम आघाडीवर नवीन काही नाही असे कळवले, आणि पॉल त्या दिवशी पडला. तोवर ‘मी’ म्हणून बोलणारे पुस्तक शेवटच्या काही ओळींत ‘तो’ म्हणू लागते. ‘विशेष काही नाही’ हे आप्पांचे वाक्य मला या नावाचे मराठी भाषांतर वाटले, आणि त्यांनी ते पुस्तक न वाचताच केले आहे.

विचारायचेच असेल तर वस्तूंचे विचारा. ट्रंक कोणत्या वर्षी मिळाली, तिच्यावरचे नाव कोणी रंगवले, तिकडे पाणी कुठून आणत, लंगरात पोळी मिळे की भात, घरचे पत्र किती दिवसांनी पोहोचे, पावसात बूट वाळवत कसे. एका वेळी एकच प्रश्न, तोही हाताला काही काम असताना. समोर बसवून, डोळ्यांत पाहून तर मुळीच नको. शेंगा फोडताना किंवा ठिबकाच्या नळ्या गुंडाळताना विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायचे नसले तरी माणसाला उठून जावे लागत नाही, हातातले काम पुढे चालू ठेवता येते.

आणि उत्तर आलेच, तर ते खरेच असेल असे धरून चालू नका. याच रजेत पॉल केमरिखच्या आईला भेटायला जातो. मुलगा कसा गेला हे तिला ऐकायचे असते. त्याला लगेच मरण आले, काही कळलेही नाही, असे तो सांगतो. तिचा विश्वास बसत नाही. हे खोटे असेल तर तू स्वतः परत येऊ नयेस, अशी शपथ घे म्हणते, आणि तो ती शपथ घेतो. केमरिख इस्पितळाच्या खाटेवर हळूहळू गेला होता आणि पॉल शेवटपर्यंत त्याच्या उशाशी होता. आप्पांच्या ‘विशेष काही नाही’मध्ये अशी एखादी शपथ असू शकेल, जी त्यांनी कोणाच्या तरी आईसाठी, किंवा तुमच्या आईसाठी, पूर्वीच घेतलेली असेल. तुमची आई ‘नको’ म्हणते त्याला माझ्या लेखी बरेच वजन आहे. इतकी वर्षे त्या घरात रात्री जाग्या राहिल्या असतील तर त्या राहिल्या असतील.

नववे प्रकरण त्यांच्यासाठी भाषांतरित करण्याचा विचार मनात आला असेल तर तो सोडून द्या. तोफगोळ्याच्या खड्ड्यात पॉल अंगावर पडलेल्या फ्रेंच शिपायाला भोसकतो आणि मग रात्रभर, दुसऱ्या दिवशी अंधार पडेपर्यंत, त्याच्या शेजारी अडकून पडतो. त्याला पाणी पाजतो, जखम बांधतो, आणि तो मेल्यावर त्याच्या पाकिटातली बायकोची आणि लहान मुलीची छायाचित्रे पाहतो. जेरार दुव्हाल, व्यवसाय छपाई कामगार. पॉल त्या प्रेताला वचने देतो, त्याच्या बायकोला पत्र लिहीन म्हणतो. आपल्या खंदकात परतल्यावर मात्र मित्र त्याची समजूत घालतात आणि ते वचन तिथेच विरते. हे लेकीच्या हस्ताक्षरात कोणत्याही फौजी बापापुढे येऊ नये, मग त्याच्या आयुष्यात असे काही घडलेले असो वा नसो.

आप्पा ज्या लढाईत होते तिच्याबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. जुलै १९८७ च्या भारत-श्रीलंका करारानंतर ही फौज शांतता राखायला म्हणून गेली, आणि ऑक्टोबरात जाफन्यात तिला गल्लोगल्ली लढावे लागले. मार्च १९९० मध्ये शेवटचे जवान मद्रासला उतरले तेव्हा त्यांच्या स्वागताला राज्याचे मुख्यमंत्री गेले नाहीत. अकराशेहून अधिक जवान परतले नाहीत, आणि तरी गावातल्या शाळेत पंधरा ऑगस्टला पासष्ट, एकाहत्तर आणि कारगिलची नावे घेतली जातात, जाफन्याचे नाव सहसा कोणी घेत नाही. ज्या लढाईबद्दल बाहेर कोणी विचारलेच नाही तिच्याबद्दल घरात बोलायचे म्हणजे आधी ती का झाली इथपासून सुरुवात करावी लागते, आणि तिथेच माणूस थकतो. त्या लढाईबद्दल तुम्ही स्वतः थोडे वाचून ठेवा. त्यांना सांगण्यासाठी नव्हे. त्यांनी कधी एखाद्या गावाचे नाव घेतले तर ‘ते कुठं आलं?’ असे विचारण्याची वेळ येऊ नये म्हणून.

यजमानांच्या म्हणण्याबद्दल. ते रागावून म्हणाले असतील, पण आक्षेप जुना आहे आणि त्याला उत्तर देण्यासारखे आहे. १० मे १९३३ रोजी बर्लिनमध्ये पुस्तकांची होळी झाली तेव्हा रेमार्कची पुस्तके आगीत टाकताना जी घोषणा दिली गेली, ती महायुद्धातल्या सैनिकांशी साहित्याने केलेल्या द्रोहाविरुद्ध अशीच होती. (हे त्यांना चिडवण्यासाठी सांगू नका, उगाच जेवणाच्या ताटावर वाद होईल.) वस्तुस्थिती अशी की १९२९ च्या जानेवारीत पुस्तक निघाले आणि दीड वर्षाच्या आत जर्मनीत त्याच्या दहा लाख प्रती खपल्या, ते घेणाऱ्यांत खंदकांतून परतलेले असंख्य लोक होते. पुस्तक अपमान करतेच, पण कोणाचा ते पाहावे. वर्गातल्या पोरांना भाषणे देऊन भरतीच्या कचेरीत नेणारा कांटोरेक मास्तर, आणि त्यांच्यात सर्वांत मागे-पुढे पाहणारा जो योझेफ बेम, तोच आधी मेला. गावात टपाल वाटणारा आणि गणवेश चढताच पोरांकडून एकच बिछाना चौदा वेळा घालून घेणारा हिमेलश्टोस. रजेवर आलेल्या शिपायाला सिगार देऊन आघाडी कशी फोडावी हे शिकवणारे गावातले प्रतिष्ठित. काट किंवा शेतकरी शिपाई देटेरिंग यांच्याबद्दल एक हलका शब्द त्यात नाही. यजमानांना पहिली दोन प्रकरणे वाचून दाखवा. कदाचित ते म्हणतील की यात फौजींविरुद्ध काय आहे.

त्यांनी आणखी एक मुद्दा काढला, आणि काढणारे तो काढतातच, तर तोही ठाऊक असू द्या. रेमार्क १८ वर्षांचा असताना, नोव्हेंबर १९१६ मध्ये, त्याला सैन्यात बोलावणे आले. जून १९१७ मध्ये तो आघाडीवर गेला आणि ३१ जुलैला तोफगोळ्याच्या कपच्यांनी जखमी झाला. म्हणजे प्रत्यक्ष आघाडीवर तो काही आठवडेच होता, आणि ‘याने पाहिले ते काय’ असे त्याचे शत्रू पुढे म्हणत राहिले. त्यानंतरचा वर्षाहून अधिक काळ त्याने ड्युइसबुर्गच्या सैनिकी इस्पितळात काढला, जिथे आघाडीच्या सगळ्या भागांतून आलेली जखमी माणसे शेजारच्या खाटांवर होती. मला तर हे पुस्तकाच्या बाजूचे वाटते. एवढ्या जणांचे युद्ध त्यात आले ते आधी ऐकून घेणारा कोणी होता म्हणून. लिहायला तो बसला ते त्यानंतर दहा वर्षांनी.

घोड्यांमुळे पुस्तक मिटून ठेवल्याचा संकोच तुमच्या पत्रात डोकावतो, तो बाळगू नका. शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाला ते पान सोसत नाही हे स्वाभाविक आहे. पुस्तकातही ते सर्वांत जास्त सोसत नाही ते देटेरिंगला, कारण तो शेतकरी आहे. गोळी घाला त्यांना, म्हणून तो ओरडतो, पण आधी जखमी माणसे उचलायची असतात आणि घोडे किंचाळत राहतात. पुढे हाच देटेरिंग कुठल्याशा बागेत फुललेले चेरीचे झाड पाहतो आणि सरळ घराच्या दिशेने चालू लागतो. तो पकडला जातो आणि त्याचे पुढे काही कळत नाही. काही पाने गाळून वाचली तरी चालते. सातारा आणि कोकण यांचाही त्या महायुद्धाशी संबंध होता, आणि तोही घोड्यांपर्यंत पोहोचतो : मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, कुतच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी अडकल्या होत्या, धान्य संपले तेव्हा घोडे मारून खायची वेळ आली, आणि कित्येक हिंदी शिपायांनी ते मांस बराच काळ नाकारले. २९ एप्रिल १९१६ ला ते सगळे शरण गेले. फ्रान्सला गेलेल्या आपल्या शिपायांची घरची पत्रेही बहुधा दुसऱ्याने लिहून दिलेली असत आणि सेन्सॉर ती वाचत असे, त्यामुळे ‘मी खुशाल आहे’ यापलीकडे मोकळेपणाने लिहिणे अवघड होते. आप्पांचे ‘विशेष काही नाही’ या वंशावळीतले आहे.

एक व्यवहाराची गोष्ट. फटाक्यांपासून दूर जाणे ही त्यांनी स्वतःची काढलेली वाट आहे आणि ती चांगली आहे. दिवाळीत त्यांना घरी थांबण्याचा आग्रह करू नका, वाटल्यास तुमच्यापैकी एकाने वस्तीवर त्यांच्यासोबत जावे आणि डब्यात करंज्या न्याव्यात. मात्र झोपेतून ओरडत उठणे, रात्र-रात्र न झोपणे, दारू वाढणे किंवा जगण्यावरचे मन उडाल्याची भाषा, यांतले काही दिसले तर पुस्तक, वही आणि हे सदर बाजूला ठेवून माजी सैनिकांच्या ईसीएचएस दवाखान्यातून मनोविकारतज्ज्ञाकडे जाण्याची व्यवस्था करा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क आहे आणि तिथे मराठीत बोलता येते; आईंनाही तो देऊन ठेवा, कारण त्यांनाही कधी कोणाशी तरी बोलावेसे वाटत असेल.

आता वही. सातव्या प्रकरणाची पाने तशीच राहू द्या, पण त्यांच्या आधीच्या पानांवर पहिले प्रकरण उतरवायला घ्या. आठवडाभरातच तुमचे अडेल, कारण त्यात शब्दकोश पुरा पडत नाही. पाठीवरच्या पिशवीला काय म्हणायचे, राखून ठेवलेल्या शिध्याला काय, जेवणाच्या डब्याला काय, रांगेत पुढे घुसणाऱ्याला पलटणीत कोणती शिवी मिळते. हे शब्द पुण्यातल्या कोणत्याही प्राध्यापकाकडे नाहीत, ते आप्पांकडे आहेत. त्यांना फोन करून सांगा की आप्पा, मी एका जर्मन पलटणीची गोष्ट मराठीत करते आहे आणि शब्द अडला आहे. ज्या माणसाला आठवणी विचारलेल्या नको असतात त्याला शब्द विचारलेला सहसा चालतो, कारण शब्द सांगणारा तिथे जाणकार असतो. दोन-चार शब्द दिल्यावर ते पुढचे वाक्य ऐकायला मागतील किंवा मागणार नाहीत. मागितले तर तेवढेच वाक्य वाचून दाखवा. सातवे प्रकरण त्यांच्या कानी कधी पडले तर ते त्यांनी या वाटेने स्वतः चालत गेल्यामुळे पडावे, आणि न पडले तरी तुमच्याकडे फौजी मराठीने भरलेले एक प्रकरण असेल.

सुरुवात अगदी पहिल्या पानापासून होईल. १५० जणांचे रांधून उभ्या असलेल्या त्या चाकांवरच्या चुलीला जर्मन शिपाई ‘गुलाशची तोफ’ म्हणत. वहीत त्या जागी सध्या मोकळी जागा सोडा, आणि आप्पांची पलटण तिला काय म्हणत असे, ते या रविवारी फोनवर विचारा.